जगातलं सगळ्यात वेगवान वाफेचं इंजिन बनवणारा माणूस मुळात रेल्वेचा डबेवाला होता

सोशल मीडियावर जुन्या रेल्वेचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो कायम फिरत असतात. धूर ओकणारं भलंमोठं इंजिन, मागे डब्यांची रांग आणि खाली कॅप्शन, की ही इंग्लंडची प्रसिद्ध फ्लाइंग स्कॉट्समन, साल अमुकतमुक. लाइक्स पडतात, शेअर होतो, विषय संपतो. पण बऱ्याचदा ते कॅप्शन चुकलेलं असतं. कधी साल चुकतं, कधी इंजिन भलतंच असतं, तर कधी अख्खी गाडीच दुसरी निघते.

मग खरं ओळखायचं कसं?

आपली सगळ्यांची नजर आधी इंजिनावर जाते. जुन्या फोटोंचे जाणकार मात्र मागचे डबे बघतात, आणि त्यातही दोन डब्यांच्या मधली जागा. साधारणपणे प्रत्येक डब्याच्या दोन्ही टोकांना चाकांचा आपापला गाडा असतो. या गाड्याला बोगी म्हणतात. आपल्याकडे बोलताना बोगी म्हणजे अख्खा डबा असतो, पण मूळ अर्थ डब्याखालचा चाकांचा गाडा असा आहे. तर फोटोत दोन डब्यांची टोकं एकाच बोगीवर टेकलेली दिसली, आणि डबे लाकडाच्या पट्ट्यांचे असले, तर ती गाडी बहुतेक करून एकाच माणसाच्या हाताखालून गेलेली असते.

त्याचं नाव सर हर्बर्ट नायजेल ग्रेस्ली.

फ्लाइंग स्कॉट्समन हे इंजिन त्याचंच. ताशी २०३ किलोमीटर वेगाने धावून विक्रम करणारं मॅलार्डही त्याचंच. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम १९३८ सालापासून आजपर्यंत कुणी मोडलेला नाही. त्यामुळे जग त्याला इंजिनवाला म्हणून ओळखतं. पण हा गडी मोठा झाला तो डबे बनवून, आणि हे माहीत नसेल तर त्याचे निम्मे फोटो आपल्याला वाचता येत नाहीत.

ग्रेस्लीचा जन्म १९ जून १८७६ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरातला. त्याचं घर मात्र तिथे नव्हतं. आई डॉक्टरांना दाखवायला एडिनबराला गेली होती, म्हणून जन्म तिथे झाला. कुटुंब इंग्लंडमधल्या नेदरसील या गावचं. वडील तिथल्या चर्चचे धर्मगुरू. घराणं जुनं आणि खानदानी, शिक्षण मार्लबरोसारख्या बड्या शाळेत. अशा घरातली मुलं चर्चमध्ये, लष्करात नाहीतर सरकारी नोकरीत जायची. या पोराने वेगळीच वाट धरली. १८९३ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, तो क्रू इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागला.

तिथून तो लँकेशायर अँड यॉर्कशायर या रेल्वे कंपनीच्या हॉरविच वर्कशॉपमध्ये गेला. काही काळ ब्लॅकपूलच्या इंजिनशेडमध्येही होता. १९०१ मध्ये एथेल फुलागर हिच्याशी त्याचं लग्न झालं. आणि त्याच वर्षी त्याच्या आयुष्याला वळण देणारी बदली झाली, न्यूटन हीथच्या कारखान्यात. हा कारखाना इंजिनांचा नव्हता. इथे डबे आणि वॅगन बनायच्या.

आता रेल्वेत इंजिनवाल्यांचा रुबाब वेगळा असतो. डब्यांच्या कारखान्यात जाणं म्हणजे मुख्य रस्ता सोडून गल्लीत शिरण्यासारखं. पण ग्रेस्लीने त्या गल्लीतच नाव काढलं. १९०५ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने त्याला डॉनकास्टरला बोलावून डबे आणि वॅगन खात्याचा प्रमुख केलं. वय अजून तिशीच्या आतलंच होतं.

त्या काळच्या ब्रिटिश डब्यांची अवस्था काय होती? कितीतरी डबे सहा चाकांचे होते. लांबी कमी आणि बोगी नाहीच. वेग वाढला की असे डबे खडखडत, हेलकावे खात. बऱ्याच मोठ्या डब्यांच्या छतावर मधोमध एक उंचवटा असायचा आणि त्याला छोट्या काचा असायच्या. जुन्या फोटोत हा उंचवटा दिसला की डब्याचा नमुना साधारण ग्रेस्लीच्या आधीच्या पिढीचा समजायचा. ग्रेस्लीने हे छत मोडीत काढलं आणि एका बाजूकडून दुसरीकडे सलग कमानीसारखं वळणारं छत आणलं. डब्याच्या टोकाला हे छत खाली झुकतं आणि टोकाची भिंतही किंचित बाहेर फुगलेली असते. फोटो कितीही धूसर असला तरी ही गोलाई लपत नाही.

आणि दुसरी खूण म्हणजे साग.

ग्रेस्लीचे डबे सागवानी होते. बाहेरून रंग नाही, फक्त वॉर्निशचे थर. सागात तेल असतं, त्यामुळे तो पाण्याने लवकर कुजत नाही, आणि ब्रिटिश हवेत हा गुण सोन्यासारखा. हे लाकूड यायचं ब्रह्मदेशातून, जो १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. इंग्रजीतला टीक हा शब्दसुद्धा मल्याळममधून पोर्तुगीजमार्गे तिकडे पोहोचलेला आहे. म्हणजे इंग्लंडची शान म्हणून ज्या गाड्यांचे फोटो आज फिरतात, त्यांचं अंग आपल्या बाजूच्या जंगलातलं होतं. या सागाच्या फळ्यांवर बारीक पट्ट्या ठोकून चौकटी केलेल्या असायच्या. फोटोत डब्याच्या अंगावर अशा चौकटींची जाळी दिसली की पहिला अंदाज ग्रेस्लीचा करायला हरकत नाही.

पण जुन्या खडखडणाऱ्या डब्यांचं करायचं काय? सगळे भंगारात काढायला पैसा कुठे होता? १९०७ मध्ये ग्रेस्लीने एक शक्कल लढवली. त्याने सहा चाकांचे दोन जुने डबे घेतले, त्यांची चाकं काढली आणि दोघांना मिळून तीन बोग्यांवर बसवलं. दोन टोकांना एकेक आणि मधली दोघांत सामायिक. झालं काय, तर डबे शांत चालायला लागले, बोग्या कमी लागल्या आणि गाडीचं वजन घटलं. सुरुवातीला वर सांगितलेली ती दोन डब्यांमधली खूण इथून जन्माला आली. म्हणजे हिचा जन्म काटकसरीतून झाला.

मग ग्रेस्लीने ही युक्ती नव्या डब्यांतही वापरली. १९२१ मध्ये लंडन ते लीड्स मार्गासाठी पाच डब्यांचा संच बनला, सहा बोग्यांवर. त्यात जेवणाचे डबे होते आणि स्वयंपाकघर विजेवर चालणारं होतं. लंडनच्या किंग्स क्रॉस स्टेशनातून उपनगरांत जाणाऱ्या लोकलसाठी १९२४ पासून चार डब्यांचे संच आले. चार डब्यांना आठ बोग्या लागायच्या तिथे पाच पुरल्या. असे दोन संच जोडले की आठ डब्यांची लोकल तयार. गर्दी मात्र तुडुंब असायची आणि पाय ठेवायला जागा नसायची, त्यामुळे रोज प्रवास करणाऱ्यांना या डब्यांचं फार प्रेम होतं असं नाही. शिवाय या रचनेत एक खोट होतीच. एका डब्यात बिघाड झाला की अख्खा संच कारखान्यात न्यावा लागे, कारण मधला डबा सुटा काढता येत नसे.

१९११ मध्ये ग्रेट नॉर्दर्नचे मुख्य इंजिनिअर आयव्हॅट निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची ग्रेस्लीला मिळाली. डबेवाला आता इंजिनांचाही मालक झाला. वय ३५.

पहिलं महायुद्ध आलं, डॉनकास्टरच्या कारखान्यात युद्धसाहित्य बनायला लागलं आणि १९२० मध्ये त्या कामासाठी त्याला सीबीई हा किताब मिळाला. याच काळात त्याच्या डोक्यात तीन सिलिंडरचं इंजिन घोळत होतं. साध्या इंजिनाला दोन बाजूंना दोन सिलिंडर असतात. तिसरा मध्ये घातला की ओढ अधिक सलग मिळते. पण त्या मधल्या सिलिंडरची झडप हलवणार कोण? वेगळी यंत्रणा घालायची तर जागा नाही आणि देखभालीचा ताप. ग्रेस्लीने बाहेरच्या दोन झडपांच्या हालचालीवरूनच मधली झडप हलवणारे दांडे बसवले. यात हॅरोल्ड हॉलक्रॉफ्ट या दुसऱ्या कंपनीतल्या इंजिनिअरची मोलाची मदत झाली. कल्पना झकास होती, पण सांधे झिजले की मधल्या सिलिंडरचं गणित बिघडायचं. नीट निगा असेपर्यंत ठीक. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२२ मध्ये ग्रेट नॉर्दर्न नावाचं त्याचं पहिलं मोठं पॅसिफिक इंजिन आलं. पॅसिफिक म्हणजे पुढे चार छोटी चाकं, मध्ये सहा मोठी, मागे दोन. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या शंभरावर रेल्वे कंपन्या एकत्र करून चार बड्या कंपन्या करण्यात आल्या. त्यातल्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचा, म्हणजे एलएनईआरचा मुख्य मेकॅनिकल इंजिनिअर झाला ग्रेस्ली. आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलं १४७२ क्रमांकाचं इंजिन.

हेच पुढे फ्लाइंग स्कॉट्समन झालं, आणि फोटोंचा सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. फ्लाइंग स्कॉट्समन हे आधी गाडीचं नाव आहे. लंडन आणि एडिनबराहून १८६२ पासून सुटणारी ही एक्स्प्रेस लोकांच्या तोंडी याच नावाने होती, १९२४ मध्ये ते नाव अधिकृत झालं. त्याच वर्षी वेम्बलीला ब्रिटिश एम्पायर प्रदर्शन भरलं, तिथे मांडायला हे इंजिन निवडलं आणि त्याला गाडीचं नाव दिलं. म्हणजे गाडी वेगळी, इंजिन वेगळं. ही गाडी दुसरी कितीतरी इंजिनं ओढायची, आणि हे इंजिन दुसऱ्या कितीतरी गाड्या ओढायचं.

मग फोटोतलं इंजिन नेमकं कधीचं? नंबर बघायचा. १४७२ दिसला तर फोटो अगदी सुरुवातीचा. ४४७२ हा नंबर १९२४ ते १९४६ चा. १९४६ मध्ये थोडे दिवस ५०२ आणि मग १०३. सरकारीकरण झाल्यावर, १९४८ च्या अखेरीस, ६०१०३. पण ४४७२ वाचला म्हणून लगेच १९३० चं दशक लिहून मोकळं व्हायचं नाही. १९६३ मध्ये हे इंजिन खाजगी मालकाकडे गेलं तेव्हा त्याला पुन्हा तोच जुना नंबर आणि हिरवा रंग मिळाला. इंजिनामागे कोळसा-पाण्याचे दोन टेंडर जोडलेले असतील तर फोटो १९६६ नंतरचा. पुढे घंटा आणि गायी बाजूला सारणारी लोखंडी जाळी असेल तर तो १९६९ नंतरचा, अमेरिकेच्या दौऱ्यातला.

इंजिनाच्या पुढचे दिवेही बघायचे. ब्रिटिश इंजिनावरचे ते छोटे दिवे उजेडासाठी नसायचे. सिग्नलवाल्याला कोणती गाडी येते हे कळावं म्हणून ते लावले जायचे. दोन्ही बफरच्या वर एकेक दिवा म्हणजे एक्स्प्रेस. धुराड्यापाशी वर एकटाच दिवा म्हणजे थांबत थांबत जाणारी पॅसेंजर. अनेक व्हायरल एक्स्प्रेस गाड्या या एका दिव्यामुळे साध्या पॅसेंजर ठरतात.

वेम्बलीला शेजारीच ग्रेट वेस्टर्न कंपनीचं कॅर्फिली कॅसल हे इंजिन उभं होतं. आकाराने लहान, पण ताकदीत आपण सरस, असा त्या कंपनीचा दावा. १९२५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी इंजिनांची अदलाबदल करून शर्यत लावली. ग्रेस्लीच्या इंजिनांना चांगलाच मार बसला. पाहुण्या इंजिनाने कमी कोळशात काम करून दाखवलं. ग्रेस्लीची मान खाली गेली असेल, पण त्याने झडपांची रचना बदलायला परवानगी दिली. त्याचा सहकारी बर्ट स्पेन्सर आधीपासून हेच सांगत होता. झडपेची चाल वाढवली आणि कोळशाचा खप झपकन खाली आला. पुढचं सगळं यश या पराभवानंतरचं आहे.

मग आला टेंडरमधला बोळ. लंडन ते एडिनबरा ६३२ किलोमीटर न थांबता जायचं तर ड्रायव्हर आणि फायरमन दमणार. मधेच दुसरी जोडी चढणार कशी? ग्रेस्लीने टेंडरच्या एका बाजूने अरुंद बोळ काढला, त्यातून माणूस डब्यातून थेट इंजिनात जाऊ शकेल असा. बोळ किती अरुंद चालेल हे बघायला त्याने म्हणे घरात जेवणाच्या खुर्च्या भिंतीशी ओळीने मांडल्या आणि मधून स्वतः सरपटत गेला. साहेब अंगाने चांगला थोराड होता, त्यामुळे तो निघाला म्हणजे कुणीही निघेल. १ मे १९२८ ला फ्लाइंग स्कॉट्समन गाडी, त्याच नावाच्या इंजिनामागे, विनाथांबा एडिनबराला पोहोचली. गाडीत केशकर्तनालयसुद्धा होतं. गंमत म्हणजे वेग बेताचाच होता. जुन्या स्पर्धेनंतर कंपन्यांनी आपसात केलेल्या करारामुळे सव्वाआठ तासांच्या आत पोहोचायची मुभाच नव्हती.

१९२९ मध्ये एथेल कर्करोगाने गेली. ग्रेस्ली ५३ वर्षांचा, पदरी चार मुलं. त्यानंतर तो सेंट ऑल्बन्सजवळच्या सॅलिसबरी हॉल या जुन्या वाड्यात राहायला गेला. वाड्याभोवती पाण्याचा खंदक होता, त्यात ग्रेस्लीने रानबदकं पाळली. रानबदकाला इंग्रजीत मॅलार्ड म्हणतात. याच वाड्यात पुढे दुसऱ्या महायुद्धातलं प्रसिद्ध मॉस्किटो विमान आखलं गेलं, आणि ते विमानही लाकडाचं होतं. हा निव्वळ योगायोग, पण भारी आहे.

१९३३ मध्ये जर्मनीत बर्लिन ते हॅम्बुर्ग डिझेलवर धावणारी फ्लाइंग हॅम्बर्गर सुरू झाली आणि सगळ्या युरोपचे डोळे विस्फारले. ग्रेस्ली जाऊन बघून आला. जर्मन कंपनीकडून लंडन ते न्यूकॅसलचा हिशेबही मागवला गेला. पण त्या गाडीत जागा चेपलेली, खाणंपिणं जेमतेम. ग्रेस्लीचं म्हणणं असं पडलं, की आपलं वाफेचं इंजिन अख्खी आरामशीर गाडी घेऊन हे करून दाखवेल. नोव्हेंबर १९३४ मध्ये फ्लाइंग स्कॉट्समन इंजिनाने ताशी १०० मैल, म्हणजे १६१ किलोमीटर गाठले. मार्च १९३५ मध्ये पपायरसने १७४. त्याच वर्षी राजा पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली म्हणून गाडीचं नाव ठरलं सिल्व्हर ज्युबिली, आणि तिच्यासाठी पाचरीसारख्या तोंडाची नवी इंजिनं बनली, एफोर.

या इंजिनाचा एक किस्सा सांगतात. हवेच्या बोगद्यात मॉडेल ठेवून चाचणी चालली होती. धूर खाली बसून ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर येत होता, काही केल्या वर उठेना. मग कुणाचा तरी अंगठा मातीच्या मॉडेलवर धुराड्यामागे दाबला गेला, तिथे खळगा पडला आणि धूर चक्क वर उचलला गेला. तो खळगा मग खऱ्या इंजिनावरही आला.

२७ सप्टेंबर १९३५ ला पत्रकारांना बसवून नेलेल्या चाचणीत सिल्व्हर लिंक इंजिनाने ताशी १८१ किलोमीटर गाठले. ३० तारखेपासून रोजची गाडी सुरू, न्यूकॅसल चार तासांत.

आणि डबे? तेही या डबेवाल्याने स्वतःच्याच पद्धतीने केले. सात डबे, दोन-तीन-दोन असे जोडलेले, सामायिक बोग्यांवर. बाहेरून राखाडी-चंदेरी रेक्झिन चढवलेलं, डब्यांच्या मधल्या फटी रबराने झाकलेल्या. फोटोत अख्खी गाडी इंजिनापासून शेपटापर्यंत एकाच फिक्या रंगात दिसली तर ती सिल्व्हर ज्युबिली. १९३७ मध्ये लंडन-एडिनबरा सहा तासांत नेणारी कॉरोनेशन आली, दोन छटांच्या निळ्या रंगात. उन्हाळ्यात तिच्या शेवटी बीव्हर या प्राण्याच्या शेपटीसारखा उतरता, काचांचा डबा असायचा. असे फक्त दोनच डबे बनले. तो दिसला तर शंकाच नको. तशीच निळी गाडी पण मागे तो डबा नाही, तर ती कदाचित लीड्स-ब्रॅडफर्डची वेस्ट रायडिंग असेल.

ब्लॅक अँड व्हाइट फोटोत रंगावर मात्र फार भरवसा ठेवू नये. त्या काळच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसायचा नाही आणि निळा जास्त दिसायचा. त्यामुळे तांबूस सागवानी डबे काळेकुट्ट येतात आणि गडद निळं इंजिन फिकं पडतं.

१९३६ मध्ये राजा आठव्या एडवर्डने ग्रेस्लीला सर केलं. पुढच्या वर्षी त्याच्या शंभराव्या पॅसिफिक इंजिनाला त्याचंच नाव दिलं गेलं. सगळं शिखरावर होतं.

आणि १० डिसेंबर १९३७ ला स्कॉटलंडमध्ये, बर्फ पडत असताना, कॅसलकॅरी स्टेशनात थांबलेल्या गाडीवर मागून एडिनबरा-ग्लासगो एक्स्प्रेस आदळली. ३५ माणसं गेली. एक्स्प्रेसचं इंजिन ग्रँड परेड, ग्रेस्लीचंच पॅसिफिक. लाकडी डब्यांचा चुराडा झाला होता.

इथे त्या देखण्या सागाची दुसरी बाजू दिसते. पोलादी डबे तेव्हा जगात नवे राहिले नव्हते. ग्रेस्लीच्या कंपनीनेही थोडे बनवून पाहिले होते. तरीही तो शेवटपर्यंत सागालाच धरून राहिला. त्याची कारणं होती. कारखाने लाकडाच्या कामाला सरावलेले, हात तयार, डबे टिकाऊ आणि वजनाला बरे. पण टक्कर झाली की लाकूड फुटतं आणि आग लागली की जळतं. इंजिनांच्या बाबतीत हरल्यावर शिकणारा हा माणूस डब्यांच्या बाबतीत मात्र हटला नाही. त्याच्या चाहत्यांच्या गोतावळ्यात ही गोष्ट फारशी बोलली जात नाही.

३ जुलै १९३८, रविवार. ब्रेकची चाचणी आहे असं सांगून मॅलार्ड बाहेर काढलं. मागे कॉरोनेशनचे सहा डबे आणि मोजमापाचा एक डबा. हा डबा १९०६ सालचा, सागवानी, रुळाला टेकणारं एक जादा चाक असलेला. निळ्या गाडीत हा एकटा लाकडी डबा दिसला की फोटो विक्रमाच्या दिवसाचा असू शकतो. ड्रायव्हर जो डडिंग्टन ६१ वर्षांचा, फायरमन टॉमी ब्रे. स्टोकच्या उतारावर वेग वाढत गेला आणि ताशी १२६ मैल, म्हणजे २०३ किलोमीटरची नोंद झाली. जर्मनीचा दोन वर्षांपूर्वीचा ताशी २०० किलोमीटरचा विक्रम मोडला. पण मधल्या सिलिंडरचं बेअरिंग तापून गेलं. हाच तो लक्षात ठेवायला सांगितलेला मधला सिलिंडर. मॅलार्ड पीटरबरोला थांबलं आणि गाडी लंडनला न्यायला दुसरं जुनं इंजिन जोडावं लागलं. खुद्द ग्रेस्ली १२५ हाच आकडा धरायचा. क्षणभर दिसलेला १२६ त्याला पटत नव्हता. इंजिनावर १२६ ची पाटी लागली ती तो गेल्यावर, १९४८ मध्ये.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि या वेगवान गाड्या कायमच्या बंद पडल्या. निगा राखायला माणसं उरली नाहीत. एफोर इंजिनांच्या चाकांवरचे झाकणाचे पत्रे १९४१ पासून काढून टाकले. फोटोत एफोरची चाकं झाकलेली असतील तर तो युद्धाच्या सुरुवातीपर्यंतचा, नाहीतर अलीकडे संग्रहालयासाठी पुन्हा पत्रे लावल्यानंतरचा.

ग्रेस्लीची तब्येत ढासळत होती. ५ एप्रिल १९४१ ला, निवृत्तीच्या तोंडावर, तो गेला. नेदरसीलला पत्नीशेजारी त्याला पुरलं. महिनाही उलटला नव्हता तोच, २८ एप्रिलला, त्याच कंपनीच्या एका गाडीच्या लाकडी डब्यांना क्लेपोलजवळ आग लागली आणि सहा शाळकरी मुलं गेली.

त्याच्या जागी एडवर्ड थॉम्पसन आला. युद्धाच्या ओढाताणीत मधल्या झडपेचे ते दांडे खरंच डोकेदुखी झाले होते, त्यामुळे थॉम्पसनने ते टाळायचं ठरवलं यात चूक काढता येत नाही. पण १९४५ मध्ये नव्या नमुन्यासाठी मोडतोड करायला त्याने इंजिन निवडलं ते ग्रेट नॉर्दर्न, ग्रेस्लीचं पहिलं पॅसिफिक. दुसरी ढीगभर इंजिनं हाताशी असताना. ग्रेस्लीप्रेमींनी त्याला याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

थॉम्पसनने डबे पोलादाचे केले. आणि त्यांना रंग कोणता दिला? सागाचा. पोलादावर ब्रशने लाकडाच्या रेघा काढून ते सागवानी दिसतील असे रंगवले. जुन्या फोटोंत भलेभले इथे फसतात. ओळखायची युक्ती अशी, की अंगावर पट्ट्यांच्या चौकटी असतील तर ग्रेस्ली. अंग सपाट आणि संडासाची खिडकी लंबगोल असेल तर थॉम्पसन.

आज मॅलार्ड यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये आहे. एफोर जातीची सहा इंजिनं शिल्लक आहेत. कॉरोनेशनचे ते दोन्ही शेपटीवाले डबे वाचले. लोकलचा चार डब्यांचा एक संच नॉर्थ नॉरफोक रेल्वेने जपलाय, आणि यॉर्कशायरमध्ये स्वयंसेवकांनी एकेक डबा खरवडून, नवा साग घालून सागवानी गाडी पुन्हा रुळावर आणली आहे.

५ एप्रिल २०१६ ला, ग्रेस्लीला जाऊन ७५ वर्षं झाली त्या दिवशी, किंग्स क्रॉस स्टेशनात त्याचा पुतळा उभा राहिला. शिल्पकार हेझल रीव्ह्ज यांच्या मूळ आराखड्यात त्याच्या पायाशी एक रानबदक होतं, खंदकातल्या बदकांची आणि मॅलार्डची आठवण म्हणून. ग्रेस्लीच्या दोन नातवांना ते आवडलं नाही. आजोबांचा मान कमी होतो असं त्यांना वाटलं. बदक ठेवा म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या, पेपरांत वाद रंगला. शेवटी पुतळा बसला तो बदकाशिवाय. त्यामुळे नेटवर ग्रेस्लीच्या पायाशी बदक असलेला फोटो दिसला, तर तो किंग्स क्रॉसचा पुतळा नाही, आधीचा नमुना आहे.